कावळ्यासमोर दिलेलं वचन

पालक गमावलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटाच्या पत्रकावर आम्ही ठळक अक्षरांत छापलं होतं: "मुलांपासून मरण लपवू नका. मोठ्यांची ओझी त्यांच्यावर टाकू नका." मजकूर माझाच. पण त्या मुलांत मी स्वतःला कधी धरलं नव्हतं. आणि आठ वर्षांच्या मुलीचा बाप नेणाऱ्या देवाशी मला काही बोलायचंच नव्हतं.

बाबांच्या दहाव्याला बाणगंगा तलावावर कावळा पिंडाला शिवेना. त्यांची काहीतरी इच्छा राहिलीय, म्हणून घरातले एकेक जण पुढे होऊन वचन देत होते. शेवटी काकांनी मला पुढे केलं. "बोल बाळा, मी आईला सांभाळीन." मी बोलले आणि कावळा आला. सगळे सुटल्यासारखे रडले. मी नाही रडले. सांभाळणारी माणसं रडतात होय? तेव्हापासून आई भाजीला गेली तरी परळच्या आमच्या चाळीत मी दाराशी उभी. आज तिशी जवळ आली तरी दिवसाला दहा फोन. तिने उचलला नाही की छाती आवळते, बोटं बधिर होतात. समुपदेशक ताई म्हणतात, ही भीती त्या आठ वर्षांच्या मुलीची आहे. कळतं. पण वचन मोडलं तर बाबा पुन्हा अडकतील, हे मनातून जाईना, आणि ते मी ताईंनाही सांगितलं नव्हतं.

गेल्या सर्वपित्रीला आम्ही बाणगंगेवरच पत्रकं वाटत होतो. आईने सहा फोन उचलले नाहीत. पायऱ्यांवरच माझा श्वास कोंडला. मुलाबरोबर तर्पणाला आलेल्या एका मालवणी आजींनी माझ्याच हातातलं पत्रक ओल्या पायरीवर पसरलं, मला त्यावर बसवलं, पाणी पाजलं. "कोण गेला गो?" माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं, वचनासकट.

आजी भडकल्याच. "आठ वर्सांच्या चेडवाकडसून खयचो बापूस वचन घेता? कावळ्याक भूक लागली होती, आणखी काय! आवशीक बघूक देव आसा. तू वायच बस."

आईकडे बघायला देव आहे, तू जरा बस. इतकंच. श्वास पोटापर्यंत उतरला. तलावाचं पाणी, बदकं, देवळातली घंटा, सगळं होतं तिथेच होतं, आणि मी ते पहिल्यांदा पाहत होते. मागून कुणीतरी हात घालून माझ्या खांद्यावरचं ओझं अलगद उचलून घेतलं असं वाटलं. कोणी, ते मला सांगता येणार नाही. अंगावर सरसरून काटा आला, एवढं खरं. सातवा फोन मी केला नाही.

घरी आई वडे तळत होती. फोन चार्जिंगला.

"आज सहा फोनांवरच थांबलीस? ठीक आहेस ना?"

"नाही गं. मला बाबांसाठी रडायचंय."

आईने गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच मला जवळ घेतलं. "कधीची वाट बघत होते मी," म्हणाली.

भीती गेली असं म्हणणार नाही. उपचार चालू आहेत, आणि लहान पोरांकडून वचनं उकळणाऱ्यांवर माझा राग कायम आहे. पण आभार मानायला आता कुणीतरी आहे. सकाळी आई कामावर निघाली की मी हात जोडते, "तू बघ रे देवा" म्हणते, आणि चहा ठेवते.