न कापलेले केस

मेल्विना रागीट होती असं लोक म्हणतात, तेव्हा मला त्या लोकांचाच राग येतो. रागीट तर ती होतीच. माझी सख्खी मावशी, तिच्या रागाचे चटके मीही खाल्लेत. पण समुद्रकाठच्या आमच्या काउकिरा गावात माणसाला चिडायला जितकी कारणं आहेत, त्या मानाने ती कमीच चिडायची असं माझं मत आहे, आणि ते मी कुणाच्या सांगण्यावरून बदलणार नाही.

गाव तिला कूका म्हणायचं. कूका म्हणजे आजी. आणि कूकाचं नाव निघालं की पाठोपाठ केसांच्या तेलाचं, म्हणजे बतानाचं, निघायचंच. ओहोनच्या बुटक्या ताडाची लाल फळं दलदलीत गुडघाभर चिखल तुडवून आणायची, उकडायची, उखळात कुटायची, पुन्हा पाण्यात रटरटवायची, वर आलेलं तेल ओगराळ्याने काढून घ्यायचं आणि पाण्याचा अंश संपेपर्यंत मंद आचेवर आटवत बसायचं. मग ते काळपट, घट्ट होतं आणि त्याला करपलेल्या कॉफीसारखा वास येतो. बताना सगळ्याच बायका करतात. पण बाकीच्यांना घाई. पाणी राहतं, तेल खवट होतं, आणि मग म्हणायचं, कूकाच्या हाताला काहीतरी जादू आहे. कसली डोंबलाची जादू! ती चुलीपुढून उठायची नाही, एवढंच.

ला सेइबा शहरात कामाला गेलेल्या पोरी नाताळात गावी यायच्या त्या केस सरळ करायच्या औषधांनी डोकं जाळून. केसाला हात लावला की तुकडा हातात. मग लपतछपत मावशीच्या अंगणात.

"शर्ट आहेस का गं तू?" मावशी विचारायची. "मग डोक्यावर इस्त्री कशाला फिरवलीस? बस खाली. मान सरळ. रडतेस कशाला, मी अजून हातसुद्धा लावला नाही!"

तळहातावर बताना चोळून पातळ करायची. आधी टोकांना लावायची, मग वर वर जायची, आणि मुळांना उरलंसुरलं. एखादीने मुळांना जास्त लावा म्हटलं की हातावर चापट बसे. "मुळं जिवंत असतात, ती आपलं बघून घेतात. वाळतं ते टोक." मग डोक्याला फडकं बांधून ठेवायचं, चुलीवरचे घेवडे शिजेपर्यंत. नंतर विहिरीच्या पाण्याने धुवायचं, लाकडी कंगवा खालून वर न्यायचा. आणि कपड्याचा साबण डोक्याला लावताना कुणी दिसली, तर तिला पुन्हा अंगणात पाय ठेवायची सोय नव्हती.

निदिया आली तेव्हा तिची दशा त्या पोरींहून वाईट होती. मावशीचा एकुलता एक मुलगा एल्मर तिला पातुका नदीच्या वरच्या अंगाहून घेऊन आला. खरं तर आमच्यात जावई सासरवाडीला राहतो, पण निदियाला आई नव्हती, आणि बापाने दुसरं घर केलेलं. हिवतापाने तिचे केस कानापाशीच तुटले होते. मावशीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "पोरगी बरी दिसतेय. पण हिचं डोकं कुणी कुरतडलं?"

दर शनिवारी निदिया तिच्या पुढ्यात बसू लागली. काही वर्षांत केस कमरेखाली गेले, आणि मावशी रविवारी देवळात सुनेला मुद्दाम पुढच्या बाकावर बसवायची, मागच्यांना दिसावं म्हणून. भांडणं रोजची. पण त्या घरात मी जेवढं हसले तेवढं स्वतःच्या घरात हसले नाही.

एल्मर इतरांसारखाच लॉब्स्टरच्या बोटीवर पाणबुड्या होता. शेवटच्या खेपेला तो गेला आणि बोट त्याच्याशिवाय परतली. तो पाण्यात उतरला की त्याच्या होडक्यात वल्हं धरून बसायचा तो त्याचा चुलतभाऊ हार्लन. त्याने अंगणात येऊन, मान खाली घालून सांगितलं, की एल्मर खाली गेला, थोडा वेळ बुडबुडे येत होते, मग थांबले. शोधायला दोघं उतरले, काही सापडलं नाही. मग कप्तान म्हणाला, मालावरचा बर्फ वितळतोय, चला.

बर्फ वितळतोय! हे मी आज सांगते तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"बुडबुडे थांबले म्हणजे माणूस मेला का?" मावशी ओरडली. "तू बुडबुडे मोजायला गेला होतास का भाऊ सांभाळायला?" आणि हातातलं गरम ओगराळं तिने हार्लनला फेकून मारलं.

आता आमच्या लोकांची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. नवरा गेला की बायकोचे केस कापायचे, आणि ते कापायचे नवऱ्याच्या आईने. आई नसेल तरच बहिणीने. बाईने स्वतः कापले किंवा दुसऱ्या कुणाकडून कापून घेतले, तर त्याला काही अर्थ नाही, नवऱ्याला टाकलं असंच धरतात. सासूने केस कापले की ती विधवा. मग तिने मोठ्याने रडावं, शेजारणींनी तिच्यासोबत रडावं, आणि केस पुन्हा खांद्याला लागले की तिने हवं तिकडे जावं. कुणी अडवायचं नाही.

मावशीने कात्री हातात धरली नाही. तिने शनिवारी चूल पेटवली, बतानाचं भांडं जवळ ओढलं आणि हाक मारली, "निदिया, ये. बस."

पहिला शनिवार गावाने समजून घेतला. पण पुढचाही शनिवार आला, आणि त्याच्या पुढचाही. बोटीवरून निकाराग्वाच्या हद्दीत शिरून पकडली गेलेली माणसं कधीतरी सुटून येतात, ती म्हणायची. पाण्यात राहणारी जलपरी लिवा आवडलेल्या पुरुषाला ठेवून घेते आणि कंटाळली की सोडते, असंही म्हणायची. एरवी याच गोष्टीला ती बावळटांची गोष्ट म्हणत असे. "तो आला आणि बायको भुंडी दिसली तर मला काय म्हणेल? जिवंतपणी मारलंस म्हणेल."

निदियाला नदीवर तिच्या बहिणीकडे जायचं होतं. तिला इथे झोप लागत नव्हती. वाऱ्याने दार वाजलं की उठून उघडायची. पण हे असे केस घेऊन ती वर गेली असती तर तिची माणसंच म्हणाली असती, नवरा कामावर आणि ही पळून आली. मी पाद्रीबुवांकडे गेले. ते म्हणाले, केसांचं हे खूळ आपल्या धर्मात नाही, मी त्यात पडणार नाही. मग पडता तरी कशात? एल्मरसाठी प्रार्थना तरी मृतांमध्ये धरून करा म्हटलं, तर म्हणाले, आईची संमती लागेल. हार्लनकडे गेले, तर तो दुसऱ्या बोटीवर निघाला होता, त्याच आठवड्यात. पोटासाठी जावं लागतं हे मला कळतं. तरी मी त्याला नाही नाही ते बोलले आणि त्याचं मला काही वाटत नाही.

मावशीशी बोलायला गेले, तर मला म्हणाली, "तुला माझा मुलगा मेलेला बघायची एवढी घाई का आहे गं?" मी घरी येऊन भांडी आपटली.

आणि मग निदियाचे केस तुटायला लागले.

आधी टोकं फाटली. मग कंगव्यात बोटभर तुकडे यायला लागले. मावशीने बताना वाढवलं, आठवड्यातून दोनदा लावू लागली. नवीन फळं आणली, जास्त आटवलं, फडकं बदललं. सुनेला माशाचा रस्सा पाजला, नारळाच्या दुधात घोटलेल्या केळ्यांचं वाबुल वाडगं भरून पाजलं. केस तुटतच होते. इतक्या पोरींची जळलेली डोकी जिने ताळ्यावर आणली, तिच्या हातात स्वतःच्या सुनेचे केस पेंढ्यासारखे मोडत होते. सगळ्या गावाने ते रविवारी पुढच्या बाकावर पाहिलं. मावशी त्या दिवसांत चुलीला, कोंबड्यांना, मला, दिसेल त्याला शिव्या घालायची.

एका शनिवारी मी तिथेच घेवडे निवडत बसले होते. मावशीने बताना लावायला केस हातात घेतले आणि थांबली. तुटलेला एक केस तिने उजेडात धरला, बोटांनी चोळला आणि जिभेवर ठेवला.

"मीठ," ती म्हणाली.

निदियाने केस तिच्या हातातून ओढून घेतले.

"मीठ आहे हे! समुद्रावर जातेस? या डोक्याने समुद्रावर जातेस?"

"जाते," निदिया म्हणाली. "रोज जाते. डोकं बुडवते आणि उन्हात बसते. आणि कपड्याचा साबणही लावते."

मावशीने तिच्या पाठीत धपाटा घातला. निदिया उठली आणि वळली. ती एवढ्या मोठ्याने ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं.

"मारा! अजून मारा! तुम्ही कापणार नाही, मला कापता येणार नाही, मग मी काय करू? तुटून जाऊ देत सगळे! दर शनिवारी मला इथे बसवता, त्याची वाट बघायला लावता. तो नाही येत, आई! मी त्या पाण्याजवळ रोज जाते. तिथे कुणी नाही! मला रडू द्या एकदा!"

मावशीने पुन्हा हात उचलला, पण मारलं नाही. बतानाचं भांडं तिने लाथेने उडवलं. सगळं अंगणात सांडलं आणि कोंबड्या त्यातून पाय बरबटून फिरत राहिल्या. मग ती आत गेली. तिने दार लावून घेतलं आणि आमच्या हाकांना ओ दिली नाही.

बाहेर आली ती रविवारी, देवळाची घंटा वाजत असताना. हातात शिवणाची कात्री होती.

"बस," निदियाला म्हणाली.

निदिया बसली. मावशीने केसांची मूठ धरली आणि कापायला लागली. वाईट कापले, कुठे आखूड, कुठे लांब, कारण तिचं हाताकडे लक्ष नव्हतं आणि तोंड थांबत नव्हतं. तिने बोटीच्या मालकाला शिव्या दिल्या, कप्तानाला दिल्या, त्याच्या बर्फाला दिल्या. हार्लनला दिल्या, पाद्रीबुवांना दिल्या, आणि देवळाकडे चाललेली माणसं ऐकत उभी आहेत म्हणून जास्तच मोठ्याने दिल्या. मग एल्मरला दिल्या. "आदल्या खेपेला नाकातून रक्त आलं होतं मेल्याच्या. म्हटलं, जाऊ नकोस. म्हटलं होतं ना मी? ऐकलं का? कधी ऐकलं त्याने माझं?"

निदिया मोठ्याने रडत होती. मीही रडत होते, आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायकाही रडायला लागल्या होत्या. मावशी एकटी कोरडी होती. शेवटची बट खाली पडली तशी तिने कात्री निदियाच्या हातात कोंबली, तिला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः तिथे बसली. डोक्याचं फडकं सोडलं. पांढरे, जाड केस खाली आले. त्या वयातही एक टोक फाटलेलं नव्हतं.

"आता माझे काप."

"आई, तुमचे कशाला?"

"कशाला म्हणून विचारतेस? माझा पोरगा मेलाय!"

निदियाने खांद्याशी कात्री लावली.

"तिथे नाही. वर," मावशी म्हणाली. "अजून वर काप. तुझ्याहून आखूड. मी आई आहे त्याची."