सांबाराचे चार रविवार

वारज्यातल्या या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी राहायला आलो, तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक गादी आणि एक शुद्ध मराठी. गादी वर्ध्याहून आणली होती. शुद्ध मराठी मात्र पुण्यात येऊन कमावली होती, आणि नवा पैसेवाला अंगठ्या मिरवतो तशी मी ती मिरवत होतो. 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं. एका रिक्षावाल्याला तर मी "आपण थांबता का?" असं विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मागे दुसरं कुणी आहे का ते पाहिलं, आणि तो निघून गेला.

मी एकटाच. लग्न राहून गेलं. का राहिलं असं कुणी विचारलं, तर आई अजूनही माझ्या नाकाकडे बोट दाखवते.

आई वर्ध्याजवळच्या आमच्या घरी एकटी राहायची. गेल्या उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरून पडली आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून राहिली. हे तिने मला आठ दिवसांनी फोनवर सांगितलं, तेही दूधवाल्याचं कौतुक म्हणून. "लई हुशार पोरगा आहे. दार उघडलं नाही म्हणून मागून आला." मी इकडे खुर्ची घट्ट धरून बसलो. त्याच दिवशी ठरवलं, आईला इथे आणायचं, आणि कायमचं आणायचं.

आई म्हणाली, "महिनाभर येतो. जमलं तर पाहू, नाही तर जातो." आमच्याकडे बायकाही 'येतो-जातो'च म्हणतात. 'येतो'ची मला खात्री नव्हती, 'जातो'ची तिला होती, कारण परतीचं तिकीट तिने आधीच माझ्याकडून काढून घेतलं. खालचा बर्थ, महिन्यानंतरचा गुरुवार.

मी तिच्यासाठी कपाटातला एक कप्पा पुसून, नवा कागद अंथरून ठेवला होता. तिने कप्प्याचं कौतुक केलं आणि बॅग पलंगाखाली सरकवली. रोज साडी बॅगेतून काढायची, धुऊन वाळली की घडी करून पुन्हा बॅगेत. कप्प्यात तिने फक्त चष्म्याची डबी ठेवली. माझं मन राखायला.

तसं घर तिला आवडलं होतं. सकाळी आठच्या सुमारास स्वयंपाकघराच्या फरशीवर परातीएवढं ऊन पडायचं. त्या उन्हात ती चहाची कपबशी घेऊन बसायची आणि ऊन सरकेल तशी सरकायची. शेवटी फ्रिजपाशी पोचली की चहा संपलेला असायचा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून ती भाकीत करायची, "तीन झाल्या. वरण आहे त्यांच्याकडे." बाल्कनीतून हायवेपलीकडची टेकडी दिसायची, ती आईने पहिल्याच दिवशी बुटकी ठरवली. पण बोलायला कुणी नव्हतं. मी नऊला बाहेर पडायचो, तो संध्याकाळी सातला उगवायचो. आमची लिफ्ट बोलकी आहे, "कृपया दरवाजा बंद करा" म्हणते. आई तिला "करतो बाप्पा, करतो" असं उत्तर द्यायची. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की दिवसभरात आई बोलते ती फक्त लिफ्टशी.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

आई आल्याबरोबर मी तिचा भाषेचा वर्ग घेतला होता. "आलू नाही म्हणायचं आई, बटाटा. फल्लीदाणे नाही, शेंगदाणे." आई म्हणाली, "मग चवीत फरक पडते काय?" मी म्हणालो, लोक हसतात. "हसू दे. फुकट हसतेत." असा मी व्याकरणाचा पहारेकरी. आणि पहिल्याच रविवारी सकाळी आई आलूची, म्हणजे बटाट्याची भाजी टाकून ओरडली, "अरे, सांबार नाही घरात!" खालचा भाजीवाला गेलेला, मी अर्धवट दाढीत. मी एका हाताने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'आईसाठी थोडा ताजा सांबार हवा आहे. कुणाकडे असल्यास कृपया कळवावे.'

विदर्भातल्या वाचकांना यात काही चुकलेलं दिसणार नाही. मलाही दिसलं नाही. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. तो शब्द इतका आतला, की माझ्या शुद्धीकरणाच्या यादीत तो आलाच नव्हता.

दाढी संपवून पाहतो तर उत्तरं आलेली. 'कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिळतं.' 'ताजाच हवा का? शिळा चालणार असेल तर आहे.' 'सोबत इडली आपली आपण आणणार का?' तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताबडतोब 'माफ करा, कोथिंबीर म्हणायचं होतं' असं लिहायला हवं होतं. पण मग इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असती. मी मेसेज पुसून टाकला आणि आता हे प्रकरण मिटलं असं समजून बिनकोथिंबिरीची भाजी खाल्ली.

साडेबाराला बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. सत्तरीच्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. तोवर आमचा संबंध लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरता होता. त्यांच्या हातात झाकण ठेवलेलं पातेलं.

"अहो, तो मेसेज तुमचाच ना? आईंसाठी सांबार हवं होतं म्हणे. केलंय. पातेलं परत करायची घाई करू नका, पण विसरूही नका."

त्या भर दुपारी त्यांनी डाळ शिजवून, भाज्या चिरून सांबार केलं होतं. पदर खोचलेला होता, कपाळावर घाम होता. यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की आम्हाला फक्त चार काड्या हिरव्या हव्या होत्या? मी म्हणालो, "अय्या, कशाला त्रास!" मी आयुष्यात पहिल्यांदा 'अय्या' म्हणालो. घाबरल्यावर माणसाची भाषा कुठेही जाते.

"आईंना भेटते जरा," त्या म्हणाल्या आणि आत डोकावल्या.

त्या आईला 'सांबार आणलंय' म्हणणार, आई 'कुठे आहे' विचारणार, आणि माझी शोभा होणार. मी दार अडवून म्हणालो, "आईला ऐकायला कमी येतं हो. फार कमी. भेटून उपयोग नाही."

"अरेरे," म्हणून काकू गेल्या.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय आणलं हे?"

"सांबार. इडलीबरोबरचं. इथली पद्धत आहे. नवीन शेजाऱ्यांना देतात."

"भल्ली पद्धत," आई म्हणाली. चाखून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "आंबट वरण आहे. मीठही नाही." पण आलेलं अन्न टाकायचं नाही, म्हणून ते मी मंगळवारपर्यंत खाल्लं.

पातेलं रिकामं परत द्यायचं नाही, हे मलाही कळतं. पण आईला काही करायला सांगावं तर ती स्वतः घेऊन जाणार. म्हणून मी दुकानातून चकल्या आणून पातेल्यात भरल्या आणि काकूंना दिल्या. "आईने केल्यात. आणि सांबार तिला इतकं आवडलं म्हणून सांगू!"

पुढच्या रविवारी साडेबाराला बेल वाजली. हे सांगायला नकोच.

त्याच्या पुढच्याही.

माझा सगळा वेळ आता दोन म्हाताऱ्यांना एकमेकींपासून लांब ठेवण्यात जाऊ लागला. आई म्हणायची, "त्या बाईकडे जाऊन येतो जरा, एवढं देते ती." मी म्हणायचो, त्यांना दुपारी कुणी गेलेलं खपत नाही. आणि संध्याकाळी? संध्याकाळी त्या फिरायला जातात. तिसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, "गुरुवारची गाडी किती वाजता आहे रे?" मी म्हणालो, अजून दहा-बारा दिवस आहेत, राहा ना. ती म्हणाली, "कायले राहू? इथं मी भिंतीशी बोलू? तिथं निदान दूधवाला तरी येते."

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. वर्ध्याच्या घरातली ती न्हाणी डोळ्यांसमोरून जाईना. आणि गंमत म्हणजे, जिच्याशी आई बोलू शकली असती ती एकुलती एक बाई आमच्या दारापासून सहा पावलांवर होती. मधे उभा होतो मी, शुद्ध मराठी बोलत.

चौथ्या रविवारी मी कचरा टाकायला खाली गेलो. परत येताना लिफ्ट पाचव्या मजल्यावर असतानाच आरडाओरडा ऐकू आला. भांडण लागलं असं मला वाटलं. दार उघडलं तर पॅसेजमध्ये काकू पातेलं घेऊन उभ्या, समोर आई, आणि दोघी जिवाच्या आकांताने ओरडताहेत.

"आई! सांबार! आवडतं! ना!"

"हाव! बाई! तुम्ही! कायले! त्रास! घेता!"

आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बिचारीले ऐकू येत नाही वाटते. इतक्या जोरात बोलते."

काकूंनी ते ऐकलं. पातेलं धरलेले हात खाली आले. "तुम्हाला ऐकू येतं?"

"मले? खालचा भंगारवाला ऐकू येते मले इथून."

काकू माझ्याकडे पाहू लागल्या. तशा नजरेने त्यांनी तीस वर्षं वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहिलं असणार. "मग हे काय सांगत होतात तुम्ही?"

आई मात्र आपल्याच ओघात होती. "तुमची पद्धत चांगली आहे बाई, पण नवीन शेजाऱ्याले एकदा दिलं की झालं. दर आठवड्याले कायले सांबार?"

"कसली पद्धत? तुमच्या चिरंजीवांनी मागितलं म्हणून केलं. सगळ्या सोसायटीसमोर मागितलं."

"यानं? सांबार मागितला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग आत गेली आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन बाहेर आली. ती काकूंच्या नाकासमोर धरून म्हणाली, "हा मागितला असंन."

"ही कोथिंबीर आहे."

"तुमची कोथिंबीर. आमचा सांबार."

काकूंनी जुडीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "'ताजा सांबार' असं लिहिलं होतंत. आमच्यात सांबार 'ते' असतं. तेव्हाच शंका यायला हवी होती. मला वाटलं, तुमचं व्याकरण कच्चं आहे." मग म्हणाल्या, "चार रविवार मी चिंच कोळतेय. मला स्वतःला आंबट चालत नाही. मी चाखूनसुद्धा पाहत नाही."

"तरीच मीठ नसते," आई म्हणाली.

मला वाटलं, आता पातेलं माझ्या डोक्यावर उपडं होणार. पण काकूंच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. त्या हसत होत्या, पण सवय नसल्यासारख्या. आई जुडी हातात धरून हसायला लागली. मी मधे कचऱ्याची रिकामी बादली घेऊन उभा.

"मागितलं होतं, म्हणून केलं," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्याकडे कुणी काही मागून वर्षं झाली."

आई म्हणाली, "या आत. सांबारवडी करतो. खाऊन पहा आमचा सांबार."

ती दुपार मी कोथिंबीर निवडण्यात घालवली. शिक्षाच होती ती. आई बारीक चिरलेल्या सांबारात खोबरं, खसखस, तिखट घालत होती, बेसनाच्या पारीत वळत होती. काकू ओट्यापाशी उभ्या राहून प्रत्येक गोष्टीचं नाव विचारत होत्या आणि चुकीचं वाटलं तर सांगत होत्या. आई तितक्याच ठामपणे त्यांना चूक ठरवत होती. वडी खाऊन काकू म्हणाल्या, "बरी आहे." मला हायसं वाटलं. पुण्यात इतके महिने राहिल्यावर मला 'बरी'चा अर्थ कळायला लागला होता. त्यांनी पाच खाल्ल्या. "आणि त्या चकल्याही आईंनी केल्या नव्हत्या, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," त्या जाता जाता माझ्याकडे न पाहता म्हणाल्या.

सोमवारी संध्याकाळी घरी आलो तर बाल्कनीत एक मोठी कुंडी. काकूंची, त्यांच्याकडे रिकामी पडलेली. आई जमिनीवर बसून कागदावर धने पसरून त्यांच्यावर माझी चप्पल घासत होती. धना असा दोन फाकांत फुटला तरच नीट उगवतो.

"काय करते आहेस?"

"सांबार पेरतो. पुन्हा कुणाले मागायची पाळी नको तुझ्यावर."

मी शुद्ध मराठीत गप्प बसलो. कारण हिशोब साधा होता. धने उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोडण्याजोगा सांबार व्हायला महिना-दीड महिना. आणि गाडी गुरुवारची होती. जी खायला थांबणार नाही, ती पेरेल कशाला? पण विचारायचं धाडस होईना. विचारलं असतं तर तिला गाडीची आठवण झाली असती. मंगळवारी मी विचारलं नाही. बुधवारी तिकीट रद्द करायला मोबाइल हातात घेतला आणि ठेवून दिला. तिने पाहिलं तर विषय निघेल, म्हणून.

गुरुवारी मी लवकर घरी आलो. दाराला कुलूप. मग समोरच्या दारामागून आईचा आवाज ऐकू आला. ती काकूंना सांगत होती की पुण्याची टेकडी बुटकी आहे. काकू म्हणत होत्या, तुम्ही नीट पाहिली नसेल.

मी बेल वाजवली नाही. स्वतःच्या किल्लीने घरात शिरलो आणि चहा करून बाल्कनीत कुंडीशेजारी बसलो. पुणे स्टेशनातून गाडी सुटायची वेळ झाली, टळली. एक खालचा बर्थ वर्ध्यापर्यंत रिकामा गेला. मी उगीचच कुंडीत पेलाभर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिच्या उन्हात बसली होती, अजून फ्रिजपासून लांब होती. म्हणाली, "काल होती ना रे गाडी?"

"हो का? विसरलोच मी."

"मीही," आई म्हणाली. कपबशी खाली ठेवली. "खोटं तुले बोलता येत नाही. चार रविवार घालवून शिकला नाही." मग जरा पुढे सरकली. "ती बॅग माळ्यावर टाकून दे. पलंगाखाली झाडताना आडवी येते. आणि कुंडीत पाणी कोणी ओतलं एवढं? सडवतं काय सांबार?"

"कोथिंबीर," मी सवयीने म्हणालो.

तिने नुसतं पाहिलं. मी गेलो बॅग उचलायला. ती हलकी होती, रिकामी.