करंगळी अडकेल असे टाके

शाळेत चित्रकला शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, पण माणसाचा हात नेमका कुणाचं ऐकतो हे कोडं मला जालन्याच्या दवाखान्यात पडलं. दर मंगळवारी मी तिथं रंग, माती, सुईदोरा घेऊन जाते आणि पेशंटांसोबत काहीबाही करत बसते.

तिथंच हसनाबादकडच्या एक मावशी भेटल्या. लकव्यानं उजवा हात गेलेला, मूठ घट्ट मिटलेली. व्यायाम घेणारी पोरगी रोज रबरी चेंडू दाबायला द्यायची, मावशी तो कॉटखाली ढकलून द्यायच्या. "मी काय खेळायला आल्ते का हितं?" त्यांचा जीव भलतीकडंच अडकलेला. लेकीला नववा लागला होता, पहिलंच बाळंतपण, आणि बाळासाठी आजीच्या, म्हणजे मावशींच्याच हातचं दुपटं अजून शिवून व्हायचं होतं.

मी लगेच हुशारी केली. बाजारातून नवं कोरं, फुलाफुलांचं कापड आणलं. मावशींनी ते गालाला लावून पाहिलं. "लेकराला टोचंल न्हाई का हे, मॅडम? पोरंबाळं झाली न्हाईत का तुम्हाला?" झाली की, दोन! पण त्यांची दुपटी माझ्या आईनं शिवली होती, मी कधी नीट बघितलंसुद्धा नव्हतं. मंग मावशींच्या मालकांनी घरून त्यांचं धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं आणलं.

ठरलं असं, की त्या सांगणार आणि मी शिवणार. मिटल्या मुठीनं त्यांनी कापड दाबून धरलं. मी ऐटीत टाके घालत निघाले. वीतभरही गेले नसेन, तोच मावशी कडाडल्या, "अगं बाई! हे काय टाके हायत का? लेकराची करंगळी अडकंल की ह्यात!" आणि माझा दोरा खस्सकन ओढला. उजव्या हातानं. अंगठा आणि शेजारचं बोट उघडलं होतं.

मावशी आपल्याच हाताकडं बघून रडायला लागल्या. मी मात्र विचारात पडले. हे रागानं झालं, काळजीनं, की त्या बिचाऱ्या चेंडूनं? डॉक्टरांना गाठलं तर म्हणाले, "सगळ्याचं थोडं थोडं असेल." म्हणजे त्यांनाही बराबर ठाऊक नव्हतं.

पुढचे तीन मंगळवार मी शिवत राहिले आणि बोलणी खात राहिले. चौथ्या मंगळवारी गेले, तर कॉटवर दुपटं पसरलेलं आणि शेजारी उसवलेल्या दोऱ्यांचा ढीग. माझा एकही टाका मावशींनी ठेवला नव्हता. त्या दोन बोटांनी एकेक उपसून काढला होता आणि सगळं दुपटं पुन्हा शिवलं होतं, जरा वाकडं, पण बारीक.

"राग न्हाई ना आला, मॅडम? काल नात झाली. तिला तुमच्या टाक्यांवर कसं निजवू?"

उभ्या जन्मात माझं काम कुणी असं मोडून टाकलं नव्हतं, आणि मी त्यांचा तो हात धरून येड्यासारखी हसत होते.