पाणी डोंगर चढलं

लहानपणी आई विहिरीवरून पाणी वाहायची, पण मला हंड्याला हात लावू द्यायची नाही. “तू शीक,” म्हणायची. म्हणूनच मी घरातला पहिला पदवीधर झालो.

दुबईत, जबल अलीच्या कंपनी बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या नेपाळी फोर्कलिफ्टवाल्याची आई अजूनही पाणी वाहत होती. डोंगराखालच्या झऱ्यावरून, कॅन पाठीवर आणि त्याचा पट्टा कपाळाला. हा बाटलीतला शेवटचा घोटसुद्धा टाकत नसे.

“गाँववाले हसते हैं, भाई. बोलते हैं, पानी पहाड़ नहीं चढ़ता. मैं चढ़ाऊँगा. खलास.”

पगारातून त्यानं गावी पंप आणि पाईप बसवले.

काल त्यानं व्हिडिओ दाखवला. अंगणात नळ वाहत होता. आई कॅन भरून, सवयीनं पट्टा कपाळाला लावून, चार पावलांवरच्या चुलीकडे निघाली.

“अरे आमा, हात में पकड़ो!” तो व्हिडिओतल्या आईवरच ओरडला.

पाणी घरी पोचलं होतं.