विंग कमांडरची दर्याफ्त

गंधार गावात आला तो दाढी घेऊन, आणि गावाला पहिला संशय आला तो त्या दाढीचाच.

तेलंगणातल्या बोथपासून किनवटच्या डोंगराकडे जाणारा रस्ता जिथं अरुंद होतो, तिथं टेंभरूण. तीनशे उंबऱ्यांचं गाव. या गावातून हवाई दलात गेलेला माणूस एकच. वीस वर्षं तो सुटीवर यायचा तेव्हा त्याचे गाल तासल्यासारखे गुळगुळीत असायचे. या जूनमध्ये आला तो टेम्पोत दोन लोखंडी ट्रंका टाकून, आणि पंधरा दिवसांत हनुवटीवर काळंपांढरं जंगल.

"वर्दी उतरवली वाटते पोट्ट्यानं," पिठाच्या गिरणीवरची बयनाबाई म्हणाली.

"त्यानं उतरवली, का उतरवून घेतली कोनी?" माणिकरावांनी गहू काट्यावर ठेवता ठेवता विचारलं. माणिकरावांचं शेत गंधारच्या बापाच्या शेताला लागून. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन वर्षं बोलणं तुटलेलं. त्यामुळे त्या घरात काय शिजतं याची खबर ठेवणं हे त्यांनी स्वतःकडे घेतलेलं काम.

खबर ठेवण्यासारखंही होतं. बायको पूर्णिमा आणि मुलगी हैदराबादेत भाड्याच्या घरात, हा इकडे. बेचाळीस वर्षांचा बाप्या सकाळपासून पुस्तकं घेऊन बसायचा, परीक्षेच्या पोरासारखा पाठ करायचा. खाली नेटवर्क नाही म्हणून फोन आला की गच्चीवर चढायचा, आणि कठड्याला टेकून इंग्रजीत बोलायचा. मधूनच बॅग घेऊन चार दिवस, कधी महिनाभर गायब. विचारलं तर म्हणायचा, "मेडिकल होती," किंवा "ट्रेनिंग होती."

"तब्येतीचा मानूस हाय त मेडिकल कायची?" बयनाबाई विचारायची.

खरं साधं होतं. गंधारनं वीस वर्षं मालवाहू विमानं उडवली, विंग कमांडर झाला. ढगात बुडालेल्या दऱ्यांमध्ये धान्याची पोती टाकली, बर्फातून आजारी जवान उचलून आणले. आता पुढची बढती म्हणजे ऑफिस. म्हणून त्यानं वेळेआधी निवृत्ती मागितली, मुलकी परवान्याच्या परीक्षा दिल्या, प्रवासी विमानाचं प्रशिक्षण घेतलं आणि एका विमान कंपनीत त्याची निवड झाली. डिसेंबरात बाकी होता फक्त विमानतळाच्या आत जायचा पास. त्यासाठी मूळ गावच्या ठाण्यातून पोलिसांचा दाखला लागतो.

हे सगळं त्यानं वडिलांना सांगितलं होतं. पण विठ्ठलरावांची तीस वर्षं तहसिलीत गेली, शेवटची काही पेशकार म्हणून, तहसीलदारापुढं फायली मांडण्याच्या कामावर. तहसिलीची मंडल कचेरी झाली, बोर्ड तेलुगूत आले, तरी गाव त्यांना पेशकारसाहेबच म्हणत राहिलं. समोर आलेला कागद चारी बाजूंनी पाहिल्याशिवाय त्यांनी कधी सही केली नाही, ही त्यांची कीर्ती होती. मुलाचा निवृत्तीचा कागदही त्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचला.

"मुदतीआधी असं लिहेल हाय याच्यात."

"हो बाबा. मी मागितली."

"आमच्या कचेरीत मुदतीआधी गेले ते तिघं. तिघांच्याबी मांगं दर्याफ्त होती." चौकशीला ते अजून दर्याफ्तच म्हणायचे. "एकबी आपल्या मनानं नाही गेला."

"बाबा, आता पुढं खुर्ची होती. विमान नाही. फायली पाहायच्या अन् दुसऱ्याले उडवायले लावायचं."

विठ्ठलरावांचा भाकरीचा घास हातातच राहिला. साध्या कारकुनापासून पेशकाराच्या खुर्चीपर्यंत पोचायला त्यांना एकोणीस वर्षं लागली होती.

"खुर्ची मियत होती," ते सावकाश म्हणाले, "अन् तू सोडली."

"हो."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढं जेवले. गंधारची आई रुख्मिणी नवऱ्याचं 'बरं' ओळखून होती. तिनं ताटात वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी गंधार शेतावर गेल्यावर विठ्ठलरावांनी ट्रंक उघडली. आत निरोपाच्या वेळी दिलेलं चांदीचं छोटं विमान निघालं, खाली मुलाचं नाव कोरलेलं. चोराला कोणी असं विमान देत नाही, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, मोठ्या कचेऱ्यांत हार घालूनही घरी पाठवतात. विमान पुन्हा गुंडाळून त्यांनी होतं तसं ठेवलं.

इथं टेंभरूणची एक रीत सांगायला हवी. ठाण्यातून, कचेरीतून, जंगलखात्यातून कोणीही एखाद्याचं नाव घेऊन आलं की गाव एकच उत्तर देतं: मालूम नाही. निजामाच्या अमलापासूनची ही सवय. राज्यं बदलली, ती नाही बदलली. एकदा बयनाबाईचं नवं रेशनकार्ड घेऊन माणूस आला, तर तिच्याच गिरणीवर उभ्या असलेल्या सहा जणांनी बयनाबाई कोण हे सांगितलं नाही. सातवी ती स्वतः होती. कार्ड परत गेलं. विठ्ठलराव नोकरीभर या सवयीला शिव्या देत आले. "तुमच्या 'मालूम नाही'नं माह्या फायली सडल्या," म्हणायचे.

डिसेंबरच्या एका मंगळवारी, कापसाची वेचणी जोरात असताना, गंधारला गच्चीवर फोन आला. कंपनीतल्या बाईंचा आवाज थंड होता. पोलिसांचा दाखला उलटा आला आहे. दिलेल्या पत्त्यावर हा इसम राहत नाही, असा शेरा आहे. सुधारलेला दाखला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आला तर ठीक. नाहीतर सोमवारच्या तुकडीत त्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. पुढची तुकडी कधी, ते सांगता येणार नाही.

"मॅडम, मी त्याच पत्त्यावर उभा राहून बोलतोय."

"कागदावर तसं नाही, सर."

गंधार कठड्याला धरून उभा राहिला. वीस वर्षांची नोकरी मागे सोडली होती आणि पुढची दाराशी अडली होती. खाली माणिकराव आपल्या अंगणात कापसाचे बोंदरे, म्हणजे मोठाली पोती, भरता भरता वर बघत होते. तो पायऱ्या दोन-दोन करत उतरला.

"माणिककाका, पोलीस आला होता का माह्या नावानं?"

"आलता ना. मांगच्या आठवड्यात, तू हैदराबादले गेलता तवा. बोथच्या ठाण्यातला गंगन्ना."

"काय सांगतलं त्याले?"

"मालूम नाही म्हनलं. बयनाबाईबी तेच म्हने. हे काय नवं हाय का?"

"मी इथं राहतच नाही, असं कोन म्हनलं?" गंधारचा आवाज चढला. "धुऱ्याचं भांडन बापासंगं हाय ना तुमचं? मग माह्या पोटावर काऊन पाय देता?"

माणिकरावांनी बोंदरा खाली ठेवला. "हे पाहा कमांडरसाहेब. सकायी सकायी गच्चीवर तुमचं इंग्रजी चालू होते, माही झोप मोडते. तुमी राहत नाही असं मी कोन्या तोंडानं म्हनू? मी तुमच्यावर डोया ठेवला, हे कबूल. पन खोटं नाही बोललो." मग थांबून म्हणाले, "माह्याकडून तो तुमच्याच घरी गेला. आत अर्धा घंटा होता. चहाबी पेला."

गंधारला ते पटलं नाही. मोटारसायकल काढून तो बोथला गेला. ठाण्यात गंगन्ना खिडकीपाशी बसून डबा खात होता. गंधारला पाहून उभा राहिला, हात धुतला.

"एम् चेय्याली, सार?" तो काकुळतीनं म्हणाला. "मी काय करणार? मैं तो सबको पूछा. आपके घर से ही लिखके दिया."

त्यानं फाइल उघडून कागद फिरवला. मजकूर तेलुगूत होता: मुलगा या पत्त्यावर राहत नाही, दोन वर्षांपासून संपर्क नाही, सध्या कुठं आहे आणि काय करतो ते माहीत नाही. खाली सही मात्र मराठीत. शेवटच्या अक्षरावरून मागे ओढलेली आणि दोन ठिपके देऊन थांबवलेली रेघ. चौथीपासून दहावीपर्यंत प्रत्येक प्रगतिपुस्तकावर गंधारनं ती सही पाहिली होती.

तो घरी आला तेव्हा विठ्ठलराव ओसरीवर पेपर वाचत होते. गंधारनं मोबाइलमधला कागदाचा फोटो पुढं धरला. विठ्ठलरावांनी चष्मा वर केला, सही पाहिली आणि पेपरची घडी घातली.

"नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, समदं बरोबर लिहून आनलं होतं त्या गंगन्नानं," ते म्हणाले. "मी तीस वर्षं असे कागद काढले, बाबू. चांगल्या मानसाच्या मांगं असा कागद येत नाही."

"मी सांगतलं नव्हतं का, पासासाठी पोलीस येईन म्हनून?"

"सांगतलं होतं. आमच्या कचेरीतले तिघंबी घरी असंच काहीबाही सांगत."

"म्हंजे मी काही करून पयून आलो, असं वाटलं तुमाले."

"दाढी. बायको-लेक दूर. गच्चीवरचे फोन. हातची खुर्ची सोडेल. तूच सांग, मी काय समजाव?"

"मले इचारायचं."

"इचारलं असतं," विठ्ठलराव म्हणाले, "अन् तू हो म्हनला असता त?"

गंधारनं मोबाइल खिशात टाकला. हा माणूस त्याला गुन्हेगार समजत होता, आणि तसं समजूनच त्यानं आयुष्यातला पहिला खोटा कागद लिहून दिला होता. यातल्या कशाचा राग धरावा हे त्याला कळेना. आतून रुख्मिणी बाहेर आली.

"शुक्करवारपावतर हाय ना मुदत? मग सकायी दोघं जा. इथं एकमेकाची तोंडं पाहून दाखला भेटत नाही."

बुधवारी सकाळी विठ्ठलरावांनी इस्त्रीचा सदरा घातला. ठाण्यात गंगन्नानं खुर्ची दिली. त्यांनी कोरा कागद मागितला आणि स्वतःच्या पेननं, कचेरीच्या वळणदार तेलुगूत लिहायला लागले. पहिल्याच ओळीत लिहिलं: यापूर्वीचा माझा जबाब खोटा आहे.

गंगन्ना वाकून वाचत होता. "गैरसमज से, ऐसा लिखो सार. खोटा मत लिखो. केस हो जाएगा."

"खोट्याले गैरसमज म्हनायची आदत नाही मले," विठ्ठलराव म्हणाले. गंगन्नानं गंधारकडे पाहिलं. गंधारनं वडिलांकडे पाहिलं. शेवटी विठ्ठलरावांनी उसासा टाकला आणि 'भीतीपोटी दिलेला' हे दोन शब्द 'जबाब'च्या आधी घातले.

कागद पुरा झाला. पेन सहीच्या जागी येऊन थांबलं. गंधारनं लगेच फाइल उघडून पुढं सरकवली: निवृत्तीचा आदेश, परवाना, कंपनीचं पत्र, सगळं क्रमानं लावलेलं. वडील तपासल्याशिवाय सही करत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

विठ्ठलरावांनी फाइलवर हात ठेवला. पण उघडली नाही. मुलाकडे पाहिलं.

"काही केलं नाही ना तू?"

"नाही, बाबा."

त्यांनी फाइल बंद करून परत दिली आणि सही केली. रेघ मागे ओढली, दोन ठिपके दिले.

"आज शाम तक कंप्यूटर पे चढा देता, सार," गंगन्ना म्हणाला.

परतीच्या वाटेवर विठ्ठलराव मोटारसायकलवर मागे बसले होते. दोन्ही बाजूंना पांढरं कापसाचं रान होतं.

"नवीन जागी तू कोन्या खुर्चीत बसशीन?"

"उजव्या. डाव्या खुर्चीत कॅप्टन असते. माह्याहून धा-अकरा वर्षांनं लहान असन."

"म्हंजे खालीच उतरला ना तू."

"उडायले त भेटन."

"मले नाही पटलं अजून," विठ्ठलराव म्हणाले. पुढं एक खड्डा आला, तेव्हा त्यांनी मुलाचा खांदा घट्ट धरला आणि मग धरूनच ठेवला. "अन् सोमवारच्या आधी ते दाढी काढ. कागदावरच्या फोटोत दाढी नाही. दारावरच्या मानसाले शक येईन."