ताईच्या टेबलापर्यंतचं वायफाय

माझ्या ताईबद्दल कोणीतरी नीट लिहायला हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं, हे तिचं नशीब. मी आजवर जे काही लिहिलं ते पाणीपुरवठा खात्यातले रिपोर्ट, 'व्हॉल्व्ह बदलला' एवढ्या लांबीचे. त्यातही वरचे साहेब दुरुस्त्या करायचे.

ताई कपडे शिवते. मेहुणे गेले तेव्हा ती लेकीला कडेवर घेऊन या घरात परत आली, आणि थोड्या दिवसांनी एका सकाळी सुताराला बोलावून तिनं मागच्या खोलीत कापण्याचं टेबल करून घेतलं. ते एवढं मोठं आहे की खोलीतच जुळवावं लागलं, आता ते दारातून बाहेर निघत नाही. त्याच टेबलावर तिनं शर्ट, फ्रॉक, शाळेचे गणवेश आणि लेकीचं सगळं शिक्षण बेतलं. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचं माप तिच्या डोक्यात झालेलं असतं. टेप ती फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी लावते.

गुडघे कुरकुरायला लागले तसं तिनं मशीन कमी केलं आणि मोबाइलवर क्लास सुरू केला. टेबलावरच्या दिव्याच्या दांड्याला मोबाइल उलटा बांधायचा, म्हणजे खाली चालणारे तिचे हात दिसतात. शिकणाऱ्या सगळ्या नोकरीवाल्या. एक नर्स, एक बँकेतली, एक बसवर कंडक्टर, अशा बऱ्याच जणी. नर्स सगळ्यांत बोलकी.

अडचण होती ती घराची. वडिलांनी ते जमेल तसं मागे मागे वाढवत नेलं. पुढे बैठकीची खोली, मग जेवणाची, मग माझी, मग बोळ आणि अगदी शेवटी ताईची. प्रत्येक वेळी जुनी बाहेरची भिंत तशीच ठेवून तिला नवी खोली चिकटवली. त्यामुळे आतल्या भिंतीसुद्धा हातभर जाड. नेटची वायर आणि राउटर पुढच्या खोलीत, ताई मागच्या टोकाला, आणि मोबाइलचं स्वतःचं नेटवर्क त्या खोलीत फिरकतही नाही. शिकवता शिकवता ताईचे हात मध्येच गोठायचे.

एकदा ते बाहीच्या धड्याला गोठले. कापडाची घडी घालून दोन्ही बाह्या एकदम कापायच्या म्हटलं तर नवशिक्यांचं कापड सरकतं, म्हणून ताई बाह्या एकेक कापायला लावते. एक कापली की कागदाचा साचा उलटायचा आणि दुसरी कापायची. तो उलटण्याचा क्षणच कोणाला दिसला नाही. चित्र परत आलं तेव्हा ताई दुसरी बाही कापत होती. सगळ्यांनी साचा तसाच ठेवून कात्री चालवली.

दुसऱ्या दिवशी नर्सचा फोन आला. "ताई, माझ्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच आहेत हो!"

"तुझ्या एकटीच्या?"

"नाही, सगळ्यांच्या. कंडक्टरबाई म्हणतात, आता दोन डाव्या हातांचा नवरा शोधावा लागेल."

ताई हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिनं कात्री पुसली, म्यानात घातली आणि कपाटात ठेवली. "लोकांचं कापड नासवायला मी क्लास काढला नाही," ती म्हणाली. "पोरगी केव्हाची बोलावतेय. तिच्याकडे नेट चांगलं आहे. तिथे नवं टेबल करून घेईन. महिनाअखेरीला जाते."

पोरगी म्हणजे माझी भाची. दुसऱ्या शहरात असते, कॉम्प्युटरमधली आहे. मी नुसतं "बरं" म्हणालो. मला जन्मभर एवढंच बोलता आलं आहे. पण एवढ्या लांब घरात मी एकटा, हा विचार आला आणि जेवण जाईना. शेवटी बोळातूनच म्हणालो, "नेटचं मी बघतो."

"तू?" ताई म्हणाली. "अरे, घड्याळातला सेल बदलायला तुला शेजारी लागतो."

खरं तर भाचीला एक फोन केला असता तर प्रश्न मिटला असता. पण ती म्हणणार, 'मामा, कशाला त्रास घेतोस, आईला इकडेच पाठव.' म्हणून मी तिला न विचारण्याचं ठरवलं. याला मी मनातल्या मनात धोरण म्हणत होतो.

राउटरच्या दुकानात मी गिऱ्हाइकासारखा न जाता इंटरव्ह्यूला आल्यासारखा उभा राहिलो.

"घर केवढं आहे, काका?"

"मोठं आहे."

"भिंती कशा आहेत?"

"उभ्या आहेत."

दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्यानं दोन राउटर पुढे ठेवले आणि बरंच काही सांगितलं. मला कळत नसलं की मी मान हलवतो. त्या दिवशी मान दुखेपर्यंत हलवली. त्यातल्या एकाला आठ अँटेना होत्या. मी पाणीखात्यातला माणूस, जास्त तोट्या म्हणजे जास्त पाणी. तोच घेतला.

आता तो ठेवायचा कुठे? इथे माझा सगळा अनुभव कामी आला, आणि तेच वाईट झालं. पाणी लांब पोचवायचं तर टाकी उंचावर हवी, मग दाब मिळतो. मी नेटवाल्याला बोलावून वायर थेट गच्चीवर पाण्याची टाकी आहे त्या खोलीत चढवून घेतली आणि टाकीला लागून, तिच्याहून वीतभर उंच, राउटर बसवला. नेटवाला म्हणाला, "इथे?" मी म्हटलं, "इथेच." नोकरीत कधी न आलेला अधिकार त्या दिवशी माझ्या आवाजात आला होता.

मागच्या खोलीत पूर्वी थोडं तरी यायचं, ते आता पार गेलं. पुढच्या खोलीतलंही गेलं. पूर्ण रेंज फक्त टाकीला होती.

"क्लास गच्चीवर घेऊ का?" ताईनं विचारलं. "टेबल तूच चढवशील ना?"

मी परत दुकानात गेलो. दुकानदारानं या वेळी प्रश्न विचारले नाहीत. तीन पांढऱ्या डब्या दिल्या आणि म्हणाला, "हे मेश, काका. एक डबी दुसरीला सिग्नल देते, घरभर जाळं होतं." वायर खाली आणली. एक डबी पुढच्या खोलीत, आणि बाकीच्या दोन्ही ताईच्या खोलीत, टेबलाच्या डाव्या-उजव्या अंगाला ठेवल्या. गरज जिथे, माल तिथे. दोन्हींचे लाल दिवे लागले आणि लालच राहिले.

ताई दारात उभी होती. "छान दिसतात," ती म्हणाली. "पडद्याला असेच गोंडे लावते मी." मग आत गेली आणि बॅग काढली. ती काही चिडली नव्हती. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी ती जरा आडवी झाली असताना मी धोरण गुंडाळलं आणि भाचीला फोन केला. टाकी, तोट्या, गोंडे, सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटलं, फोन कट झाला. ती हसत होती.

"मामा, पाणी सिग्नल पिऊन टाकतं. तू राउटर टाकीला टेकवलास?"

"दाबासाठी."

"आणि त्या दोन डब्या आईच्या खोलीत? तिथे सिग्नलच नाही, तर त्या पुढे काय देणार? जिथवर चांगला येतो तिथे एक ठेव, अर्ध्या वाटेवर. अर्ध्यावर काय आहे तुमच्या घरात?"

"माझी खोली."

"मग तिथे ठेव. एक आईकडे राहू दे. आणि तुझी दोन्ही दारं उघडी ठेव, भिंती जाड आहेत." मग तिनं विचारलं, "मामा, आईनं जाऊ नये असं वाटतंय का तुला?"

मी "हो" म्हणालो. वाक्य लहान होतं, तरी दोनदा म्हणावं लागलं.

"मग आधी का नाही बोललास? मला वाटलं, तिचा तुला जाच होत असेल. घरभर नुसती तिचीच बडबड."

"तीच तर," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

माझ्या खोलीचं दार मी सहसा लावून घेतो. लोकांना मी दिसलो की त्यांना काहीतरी बोलावं लागतं, असं मला वाटतं. त्या संध्याकाळी दोन्ही दारांना विटा लावल्या, डबी माझ्या कपाटावर ठेवली. लाल दिवा पांढरा झाला. मग ताईच्या खोलीतलाही झाला. मी ताईला उठवलं नाही, नुसताच भांडी वाजवत राहिलो.

क्लास पुन्हा बाहीनंच सुरू झाला. मी पलंगावर बसून ऐकत होतो. "नीट बघा गं, आता साचा उलटतेय," ताई म्हणाली. मी श्वास धरला, जसा काही तो साचा मीच धरला होता.

"दिसलं, ताई!" नर्स ओरडली. "पार नखंसुद्धा दिसली!"

उजव्या बाह्या कापून झाल्या. बायका बोलायला लागल्या. बँकेतलीनं विचारलं, "ताई, तुम्ही महिनाअखेरीला जाणार होतात ना? मग पुढचं कसं?"

मी पलंगावरून उठलो. पाणी प्यायला उठलो असं दाखवलं, पण बघायला कोणी नव्हतं.

"पुढच्या महिन्यापासून कोट," ताई म्हणाली. "अस्तराचा. वर्ष जाईल, आधीच सांगते. घाई असेल तिनं आत्ताच नाव कमी करावं."

"वर्षभर?" कंडक्टरबाई म्हणाल्या. "आणि ताई, कोट घालून दाखवायला पुतळा लागेल."

"पुतळा आहे घरात," ताई म्हणाली आणि बोळातून हाक आली, "अरे ए, इकडे ये! लपू नकोस, दार उघडं आहे, दिसतोयस मला."

मी गेलो. तिनं मोबाइल दांड्यावरून सोडून माझ्याकडे वळवला. पडद्यावर एवढ्या सगळ्या बायका एकदम मला बघत होत्या. कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी कात्रीकडे बघितलं.

"हे माझे धाकटे बंधू," ताईनं सांगितलं. "डावा खांदा उतरलाय, पोट पुढे, मान आत. याला कोट बसला तर जगात कोणालाही बसेल. हात बाजूला कर रे."

मी हात बाजूला केले.