पिवळं पत्रक आणि भादरलेला कुत्रा

कुत्र्याला ड्रायर, मग माणसाला काय? उत्तर द्या.

हा प्रश्न मी दोन उन्हाळ्यांपूर्वी अख्ख्या कोल्हापूरला विचारला होता, पिवळ्या कागदावर, ठळक टाइपात, शेवटी तीन उद्गारचिन्हं देऊन. कोल्हापूरने उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्याच घरातून आलं, तेही माझ्याच चुकीने, म्हणून लिहिते आहे.

मी पत्रकांवर वाढले. वडील सूतगिरणीत होते आणि तिथल्या युनियनमध्येही. घरात धान्याच्या डब्यांखाली पत्रकं, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. ‘कामगार बंधूंनो’ हे शब्द मी ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी वाचले. बरोबरीच्या मुली रांगोळी शिकत होत्या तेव्हा मी नखाने कागदाची तिघडी घालायला शिकत होते. त्यामुळे मोठेपणी जगात काही खुपलं की मला रडू येत नाही, मथळा सुचतो.

शाहूपुरीत कुत्र्या-मांजरांचं पार्लर उघडलं तेव्हाही मथळाच सुचला. काचेचं दार, दारावर टॉवेल गुंडाळलेल्या कुत्र्याचा फोटो आणि खाली ‘केस गळतात? काळजी सोडा’. माणसांचे केस काळजीनेच गळतात, असं मी पत्रकात लिहिलं. ते वाक्य मला अजूनही आवडतं. पत्रकं वाटायला त्याच दारासमोर उभी राहिले. पार्लर चालवणारी बाहेर आली. माझ्याच वयाची, बोलण्यावरून शाहूवाडीकडची, एप्रनवर कुणाचे तरी पांढरे केस. तिने पत्रक घेतलं, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं, कागद बोटांत चोळून बघितला आणि विचारलं, “अजून हाईत काय?”

पत्रक शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. उरलेला गठ्ठाच तिच्या हातात दिला. जाणीव जागी होते ती अशी, असं मनाशी म्हणत घरी आले.

घरी कुत्रा होता. हे पत्रकात नव्हतं.

तो भावाने आणलेला. पांढरा, झुपकेदार शेपटीचा, पॉमेरियन म्हणून घेतलेला आणि वाढता वाढता दुप्पट झालेला. त्याचं नाव सांगत नाही, या प्रकरणात त्याचा काही दोष नाही. भाऊ नोकरीला बंगळूरला गेला आणि कुत्रा आईचा झाला. आमच्या घरात वडील बोलतात, मी बोलते आणि मग आम्ही दोघं एकमेकांवर ओरडतो. आई काही सांगू लागली की दुसऱ्याच वाक्याला आमच्यापैकी कुणीतरी “मुद्दा काय?” म्हणून तोडतं. दुपारी भांडी आवरली की ती मागच्या पायरीवर बसून कुत्र्याशी बोलायची. तो कान उभे करून पूर्ण ऐकायचा. त्याने कधी मुद्दा विचारला नाही.

पण त्याचे केस! भातात, वडिलांच्या चष्म्यावर, माझ्या मसुद्यांवर. वडिलांना गिरणीतल्या कापसाच्या धुळीने दिलेला जुना दमा आहे. या वर्षी खोकला वाढला. डॉक्टरांनी त्यांच्या शर्टावरचा एक केस चिमटीत उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, “घरातनं केस तरी कमी करा, नाहीतर कुत्रं तरी.”

मामाला कळायला वेळ लागला नाही. मामा शिरोळचा, ऊसवाला. फोनवर म्हणाला, “पुढच्या रविवारी येतो, घिऊन जातो. शेतावर ऱ्हाईल. जाग्याला काय तोटा हाय?”

शेतावरच्या कुत्र्याचं काय होतं ते आईला माहेरामुळे ठाऊक होतं. बाराही महिने साखळी. आणि कृष्णेचं पाणी चढलं की आधी माणसं निघतात, मग जनावरं. कुत्र्यांचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. आई मागच्या पायरीवर जाऊन बसली आणि त्या दुपारी कुत्र्याशीही बोलली नाही.

भाऊ बंगळूरहून म्हणाला, “पार्लरला ने की. केस काढून देतात.” त्याला बोलायला काय जातंय? मी त्याच दारासमोर उभी राहून लोकांना आत जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. तत्त्व म्हणजे तत्त्व. मी मातीतला पर्याय शोधला.

आमच्या गल्लीच्या टोकाला गोठा आहे. तिथे एक काका म्हशी भादरतात, म्हणजे अंगावरचे केस साफ काढून देतात. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून मिरवायच्या असतात, त्याच्या आधी त्यांच्यापुढे रांग लागते. कातडं इतकं तुळतुळीत करतात की वर तेल चोळलं की बघणाऱ्याला आपलं तोंड दिसावं. कुत्रा घेऊन तिथे गेले. काकांनी त्याला वरून खाली न्याहाळलं.

“या पावणं,” ते कुत्र्याला म्हणाले. मग मला, “ह्येला काय झालंय?”

“केस काढायचेत. सगळे.”

“ताई, मी म्हशी भादरतो. म्हशीला केस किती आन् ह्येला किती! ह्येचं येगळं असतंय. मागनं नीट आलं न्हाईत तर मला इचारायचं न्हाय.”

मग मी भाषण केलं. गावच्या कष्टकऱ्याचं कसब, काचेमागची दुकानदारी, माणसाचा हात विरुद्ध यंत्र. श्रोते चार म्हशी, काका आणि कुत्रा. म्हशींनी रवंथ थांबवला नाही.

“व्हय व्हय, कळलं,” काका म्हणाले. “धरा त्येचं त्वांड.” आणि त्यांनी केस काढायचं यंत्र चालू केलं.

अर्ध्या तासात कुत्रा गुलाबी झाला. मान काठीसारखी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि शेपटीच्या टोकाला काकांनी हौसेने एक गोंडा राखलेला, म्हशीला राखतात तसा. परतताना पानपट्टीवरून आवाज आला, “ओ ताई, ही शेळी कुठल्या बाजारातनं आणली?”

आईने त्याला पाहिलं. “थंडी वाजंल त्याला,” एवढंच म्हणाली आणि वडिलांचा जुना बनियन कापून त्याच्या मापाचा करू लागली.

चार दिवसांत कळलं की केस गळायचे थांबलेच नव्हते, फक्त आखूड झाले होते. पूर्वी पुंजके दिसायचे, झाडून भरता यायचे. आता भाताच्या कुसासारखे टोचरे तुकडे चादरीत घुसून बसत, झटकून निघत नसत. वडिलांचा दम्याचा पंप कपाटातून खिशात आला. कुत्र्याची पाठ उन्हाने लाल झाली. शुक्रवारी मामाचा फोन, “दोरी हाय काय घरात, का मी आणू?”

त्याच दुपारी मी कुत्र्याला घेऊन शाहूपुरीला गेले, तोंडाला ओढणी बांधून. कोल्हापुरात सगळ्याच मुली उन्हासाठी बांधतात. मला भीती उन्हाची नव्हती. दार ढकललं तर समोर बाकावर गोठ्यातले काका. मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीतून बाहेर एका लांब केसांच्या मांजराचं रागीट डोकं.

“काका, तुम्ही इथे?”

“माजं मांजार हाय. चाटून चाटून केस गिळतंय, मग गादीवर ओकतंय. महिन्याला आणतो हितं, विंचरून घ्यायला.”

“मग घरीच का नाही भादरलं?”

“येडबीड लागलंय काय? मांजराला कोण भादरतंय!”

“आणि माझ्या कुत्र्याला?”

“तुमी भाषान करत हुता की. मधी कसं बोलायचं?”

पार्लरवाली आतून आली. कुत्र्याकडे पाहिलं, बनियनकडे पाहिलं. “कुणी केलं ह्ये?”

काका मांजराच्या कानात काहीतरी शोधू लागले.

“मी,” मी म्हणाले.

“आवाज वळकीचा हाय. पत्रकवाल्या ताई न्हवं?” ती हसली. टोमणा नव्हता त्यात, तेच जास्त लागलं. “तुमचा कागद लई बरा हाय बगा. जाड हाय, वल्ला झाला तरी फाटत न्हाय. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कुत्र्यांस्नी लागती.”

मी टेबलाकडे पाहिलं. त्यावर आणि खाली फरशीवर पिवळी पत्रकं अंथरली होती, केस पडले की गुंडाळून टाकण्यासाठी. ‘माणसाला काय?’वर एक जाडजूड मांजर बसलं होतं.

तिने कुत्र्याला कोमट पाण्याने आंघोळ घातली, साबण थोडा वेळ अंगात मुरू दिला, मग ब्लोअर लावला. कुत्रा बिचकेल असं वाटलं, पण त्याने डोळे मिटून वाऱ्याकडे पाठ केली. ते टोचरे तुकडे धुरळ्यासारखे उडाले आणि माझ्या मथळ्यावर बसले. मी वडिलांच्या दम्याचं सांगितलं, तशी वर मऊ ब्रश फिरवत ती सांगू लागली.

“दोन थर असत्यात ह्यास्नी. वरचं केस ऊन-पावसाला, आतली लव थंडीला. झडती ती लव. ती धुऊन, वाऱ्यानं उडवून, फणीनं काढायची. वरच्याला हात लावायचा न्हाय. तुमी घराचं छप्पर काढलंसा, कचरा तसाच.” मग बजावलं, “आता वाढंस्तवर धीर धरा. दीड-दोन म्हैन्यानं आणा. रोज गच्चीत ब्रश करा, पर बाबांनी न्हवं. झोपायच्या खोलीत घ्यायचं न्हाय. आन् डॉक्टरचं औषध सोडू नका. मी केस काढतो, दमा न्हाय काढत.” आमच्याकडच्या बायका ‘काढतो’च म्हणतात. माझ्या पत्रकांत मी ते कधी येऊ दिलं नाही.

मी ओढणी सोडली आणि म्हणाले, “माफ करा.”

ब्लोअर पुन्हा चालू झाला होता. “आं?” ती ओरडली.

“काही नाही,” मी म्हणाले.

रविवारी मामा दोरी घेऊन आला. वडिलांनी मीटिंग बोलावली. ते घरात चहासुद्धा ठराव मांडून मागतात. विषय एकच, मामा निमंत्रित, त्याला मत नाही. मी टिपणं काढून उभी राहिले. दोन थर, आतली लव, ब्रश.

“खाली बस,” आई म्हणाली. “मी बोलतो. आन् कुणी मधी तोडायचं न्हाय.”

मी बसले.

“तुमी दोघं साऱ्या दुनियेचं ऐकता. गिरणीतल्या माणसांचं ऐकलंसा, रस्त्यावरच्यांचं ऐकता. माजं ऐकणारं घरात ह्ये एक हाय, त्ये बी दोरीनं वढून न्यायचं? ब्रश मी करतो. चादरी मी धुतो. ह्यांचा पंप मी बघतो. एवढं करून खोकला वाढला, तर मी सोता न्हिऊन सोडतो शिरोळला. तवर न्हाय.”

वडिलांनी तोंड उघडलं. सवयीने ‘मुद्दा’ येणार होता. तो गिळून म्हणाले, “बोल अजून.” आणि ती बोलली, बराच वेळ. त्यातलं निम्मं कुत्र्याबद्दल नव्हतं.

ठराव एकमताने मंजूर झाला. मामाने दोरी मागच्या पायरीच्या खिळ्याला बांधली, कपडे वाळत घालायला.

आता वडिलांचा पंप पुन्हा कपाटात आहे. दमा गेलेला नाही, पण खोकला उतरलाय. कुत्र्याचे केस आलेत, फक्त पाठीवर एक पट्टा अजून उघडा आहे. तेवढ्या जागेत माझं तत्त्व दिसतं. ब्रश आम्ही दोघी मिळून करतो, आई बोलते, मी धरते.

माणसाला काय, हा प्रश्न मी मागे घेतलेला नाही. तो घेऊन जे दार ठोठावलं ते चुकीचं होतं. म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, वहीत, डब्याखाली ते पिवळं पत्रक अजून पडलं असेल, तर शाहूपुरीतल्या त्या काचेच्या दारात नेऊन द्या, तिच्याकडचा गठ्ठा संपत आलाय. आणि देताना सांगा की लिहिणारी त्या दुपारी “माफ करा” म्हणाली होती. ब्लोअर बंद असेल तेव्हा सांगा.